अर्ध्या आण्याचा न्याय

१८५४ साली हिंदुस्थानच्या टपालव्यवस्थेत एक बदल झाला. तोपर्यंत पत्राचे शुल्क अंतरावर ठरत असे. गाव जितके दूर तितका खर्च अधिक. त्या वर्षापासून पाव तोळा वजनापर्यंतचे पत्र अर्ध्या आण्याच्या तिकिटावर देशात कोठेही जाऊ लागले. मुंबईच्या कोटातून गिरगावात जाणाऱ्या पत्राला अर्धा आणा आणि मुंबईहून कलकत्त्याला जाणाऱ्या पत्रालाही अर्धाच आणा. हे पोचविण्याचा खरा खर्च दोन्हीकडे सारखा असणे शक्यच नव्हते. गिरगावातला माणूस आपल्या वाट्यापेक्षा थोडे अधिक देत होता, म्हणूनच दूरच्या खेड्यातल्या माणसाला त्याच्या वाट्यापेक्षा थोडे कमी देऊन भागत होते.

परक्या सरकारने हे काही भूतदयेपोटी केले नव्हते. व्यापार आणि कारभार हा त्यामागचा हेतू होता. तथापि हेतू काहीही असो, त्या लहानशा तिकिटात एक मोठा नैतिक विचार दडलेला होता. माणूस कोठे राहतो यावरून त्याच्या शब्दाची किंमत ठरू नये, आणि जवळच्याने दूरच्याचा थोडा भार उचलावा, असा तो विचार. आम्ही त्याला अर्ध्या आण्याचा न्याय म्हणतो. आज पत्रे कमी झाली आणि शब्द काचेच्या तंतूतून प्रकाशाच्या वेगाने धावू लागला. अशा काळात या न्यायाचे आपण काय केले, हा प्रश्न आम्हांला अस्वस्थ करतो.

आपल्यापैकी ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे त्यांना टेलिफोनचे दिवस आठवत असतील. अर्ज केल्यावर वर्षानुवर्षे थांबावे लागे. आळीत एखाद्याच घरी फोन असे आणि त्या घराचा क्रमांक साऱ्या शेजाराचा होऊन जाई. लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पावतीवर, नोकरीच्या अर्जावर तोच क्रमांक लिहिलेला असे आणि पुढे कंसात दोन अक्षरे असत : पी. पी. आखाती देशांत गेलेल्या मुलाचा फोन रात्री अपरात्री शेजारच्या घरी येई. त्या घरचे कोणी झोपेतून उठून अंगणातून हाक मारी आणि वृद्ध आई पदर सावरीत धावत जाई. ज्याच्या घरी फोन होता त्याने तो आपल्या पैशाने घेतला होता. तरीही निरोप पोचविणे हे आपले काम आहे, असे त्याला कोणी शिकवावे लागले नाही.

आज आमच्या वसईत खांबाखांबावर निरनिराळ्या कंपन्यांच्या तारा एकमेकींत गुंतलेल्या दिसतात. प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, पुष्कळ घरांत वेगवान ब्रॉडबँड आहे. क्षणभर जोडणी तुटली तर आपण अस्वस्थ होतो. कंसातली ती दोन अक्षरे मात्र पुसली गेली, आणि त्यांच्याबरोबर ती हाकही थांबली. आपल्यापर्यंत तार आली म्हणजे जगापर्यंत आली, अशी काहीशी आपली समजूत झाली आहे.

ही समजूत किती खोटी आहे हे २०२० साली दिसून आले. त्या वर्षीच्या मार्चमध्ये शाळांना कुलुपे लागली आणि वर्ग मोबाइलच्या पडद्यावर भरू लागले. ग्रामीण भारतात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी किती जणांच्या घरी स्मार्टफोन आहे, याची पाहणी ‘असर’ने त्या वर्षी केली, तेव्हा हे प्रमाण सुमारे ६२ टक्के आढळले. म्हणजे शंभरातील अडतीस मुलांच्या घरी स्मार्टफोनच नव्हता. ज्यांच्याकडे फोन होता त्या सगळ्यांकडे रेंज होती असेही नाही. कोकणातल्या डोंगरांवर, भर पावसात, प्लास्टिकच्या आडोशाला बसून मुले शिक्षकांचा आवाज शोधीत होती. त्याच मार्चच्या २७ तारखेला पोप फ्रान्सिस रोममधील संत पीटर चौकात, पावसात आणि निर्मनुष्य शांततेत, जगासाठी प्रार्थना करीत उभे राहिले. आपण ते दृश्य घरी बसून पाहिले आणि आपले डोळे पाणावले. पुढे कित्येक महिने पवित्र मिस्साही आपण पडद्यावरच पाहिला. पण वसई धर्मप्रांत काही वसईच्या वेशीपाशी संपत नाही. तो तलासरी, जव्हार, मोखाड्यापर्यंत पसरलेला आहे. आपण पडद्यासमोर गुडघे टेकले तेव्हा डोंगरापलीकडच्या पाड्यांतील श्रद्धावंतांनी काय केले असेल, हा विचार आमच्या मनात त्या वेळी आला नाही. तो फार उशिरा आला. हे लिहिण्याचे एक कारण तेच.

काही जण म्हणतील, तो संकटकाळ होता. आता सारे पूर्ववत झाले आहे. वस्तुस्थिती तशी नाही. २०२१ च्या स्वातंत्र्यदिनापासून महाराष्ट्रात शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद आपणच मोबाइलवरून करावी, अशी ई-पीक पाहणीची पद्धत सुरू झाली. सात-बारा ऑनलाइन झाला. शिधावाटप दुकानात बोटाचा ठसा यंत्रावर उमटला आणि तो पलीकडे पोचला की धान्य मिळते. शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा निकाल, निवृत्तिवेतन, पीकविमा यांचे दरवाजे एकामागून एक तारेच्या टोकाला नेऊन बसविले गेले. यात गैर काहीच नाही. शहाणपणाने केले तर भ्रष्टाचार कमी होतो आणि हेलपाटे वाचतात. पण दरवाजा हलवायचा आणि तिथवर जाणारी वाट मात्र बांधायची नाही, हा कोणता न्याय? ज्या राज्यव्यवस्थेने तारेवाचून नागरिकाचे काम चालू नये अशी रचना केली, ती तार पोचविण्याचे ऋण तिच्या माथी आपोआप येते. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ साली एका विद्यार्थिनीच्या प्रकरणात इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला, तो याच जाणिवेतून.

मग तार पोचत का नाही? कारण हिशेब जुळत नाही. काचेचा तंतू स्वतः फारसा महाग नसतो. खर्च होतो तो चर खणण्यात, खांब उभारण्यात आणि पुढे देखभाल करण्यात. शहरातल्या एका इमारतीपर्यंत चर खणला की पन्नास घरे जोडली जातात. डोंगरात तेवढाच चर खणून पाच घरेही हाती लागत नाहीत, आणि ती पाचही घरे महिन्याचे भाडे नियमित भरतील याची खात्री नसते. नफ्यावर चालणाऱ्या कंपनीने अशा घराकडे पाठ फिरविली तर तिला दोष देण्यात फारसा अर्थ नाही; तिचा हिशेब तिच्यापुरता बरोबर असतो. मात्र कंपनीचा हिशेब हाच समाजाचा हिशेब असे आपण मानू लागलो तर तो दोष आपला. २०२४ च्या आसपास दूरसंचार नियामकाच्या आकडेवारीत शहरांत शंभर माणसांमागे १३० हून अधिक फोनजोडण्या होत्या, तर ग्रामीण भागात ६० च्या आसपास. एका बाजूला एकेका खिशात दोन-दोन, दुसऱ्या बाजूला दोघांतिघांत एक.

‘ते इतक्या दूर राहतात, त्याला आम्ही काय करावे?’ हा युक्तिवाद आम्ही सुशिक्षित माणसांच्या तोंडून ऐकला आहे. त्याला एक उत्तर पाण्याचे आहे. वसई-विरारचे पाणी सूर्या प्रकल्पातून येते. तो प्रकल्प आदिवासींच्या डोंगराळ मुलखात आहे. मोखाडा तालुक्यातल्या मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट पाहतात. त्या पाड्यांतली कुटुंबे दिवाळीनंतर घराला कडी लावून भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर येतात आणि त्यांनी थापलेल्या विटांवर आपली घरे उभी राहतात. त्यांच्याकडून पाणी आपल्याकडे आणायचे होते तेव्हा अंतर आड आले नाही. डोंगर फोडले गेले, माणूस उभा मावेल एवढ्या नळवाहिन्या टाकल्या गेल्या. मग केसाएवढा बारीक काचेचा तंतू आपल्याकडून त्यांच्याकडे न्यायचा म्हटले की तेच अंतर एकाएकी दुस्तर कसे होते? ते ‘दूर’ आहेत हे खरे. पण ते फक्त द्यायच्या वेळी दूर असतात, घ्यायच्या वेळी नसतात.

संत लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशूने श्रीमंत माणूस आणि लाजर यांचा दाखला दिला आहे. त्या श्रीमंताने लाजरला मारले नाही, लुबाडले नाही, दारातून हाकलूनही दिले नाही. तो आपल्या घरी आपले अन्न खात होता, एवढेच. दारात पडलेला माणूस त्याला दिसला नाही. मृत्यूनंतर मात्र दोघांमध्ये एक मोठी दरी असल्याचे त्याला कळते आणि ती कोणालाच ओलांडता येत नाही. ही दरी कोणी खणली? आम्हांला वाटते, ती त्या श्रीमंतानेच खणली होती, हयातीत, रोज थोडी थोडी, न पाहण्याच्या सवयीने. आजकाल ‘डिजिटल दरी’ हा शब्द सर्रास वापरला जातो. तो ऐकला की आम्हांला हाच दाखला आठवतो. दरी आपोआप पडत नाही.

ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीला हा विषय नवा नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली सांगितले, की सृष्टीतली संपत्ती परमेश्वराने सर्व माणसांसाठी निर्मिली आहे आणि खाजगी मालकीलाही ही मर्यादा आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९१ च्या ‘सेन्तेसिमुस आन्नुस’ या परिपत्रकात हा विचार एक पाऊल पुढे नेला. आजच्या काळात ज्ञान, तंत्र आणि कौशल्य ही जमिनीहूनही मोठी मालमत्ता झाली आहे, आणि ज्यांना ज्ञानाच्या व परस्परसंपर्काच्या जाळ्यात शिरायला वाटच नाही ते, कोणी त्यांचे शोषण केले नाही तरीसुद्धा, कडेला फेकले जातात, असा त्यांचा आशय होता. हे लिहिले गेले तेव्हा आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलेही नव्हते. ते आले १५ ऑगस्ट १९९५ रोजी. पुढे २००२ साली व्हॅटिकनच्या संपर्कमाध्यमविषयक परिषदेने इंटरनेटमधील नीतीवर स्वतंत्र दस्तऐवज काढला आणि त्यातही जोडलेले व न जोडलेले यांच्यातील या दरीकडे लक्ष वेधले.

तरीही दोन आक्षेप असे आहेत, की त्यांना प्रामाणिकपणे सामोरे गेले पाहिजे. पहिला आक्षेप : जेथे पिण्याला पाणी नाही, दवाखान्यात डॉक्टर नाही, तेथे ब्रॉडबँड हवे कशाला? आधी भाकरी, मग तार. हा आक्षेप करुणेतून येतो, म्हणून त्याचा आदर करावा. पण गरिबाच्या गरजा एका रांगेत उभ्या करून ‘पहिली भागल्याखेरीज दुसरीचे नाव काढू नका’ असे सांगणारे आपण स्वतःच्या घरात तसे कधी वागतो का? आपल्या मुलांना आपण पुस्तक आणि भाकरी एकाच दिवशी देतो. शिवाय आज दवाखान्यातला डॉक्टर तज्ज्ञाचा सल्ला घेतो तो तारेवरून, टँकरची मागणी नोंदली जाते तीही तारेवरून. तार भाकरीची जागा घेत नाही. पण भाकरी मागण्याचा आवाज ती दूरवर नेते.

दुसरा आक्षेप आपल्या कुटुंबांत अधिक ऐकू येतो. या तारेतून घरात काय काय शिरले हे आपण पाहिले आहे. जेवणाच्या ताटावर बसलेली चार माणसे चार पडद्यांत बुडालेली असतात, रोझरीच्या वेळी फोन वाजतो, कोवळ्या मुलांच्या नजरेस नको ते पडते, जुगाराचे खेळ तरुणांना कर्जात बुडवितात. मग ही बला खेड्यांत का न्यावी? ते साधेपणाने जगत आहेत ते बरे नाही का? या चिंतेत तथ्य आहे, ते आम्ही नाकारीत नाही. पण गावात सडक आली की तिच्यावरून डॉक्टर येतो तसा दारूचा गुत्ताही येतो, आणि म्हणून कोणी आपल्या गावाला सडक नको म्हणत नाही. चर्चनेही लहरींना भिऊन दार लावून घेतले नाही. १९३१ च्या फेब्रुवारीत पोप अकरावे पायस यांनी मार्कोनी या शास्त्रज्ञाकडूनच व्हॅटिकन रेडिओ उभारून घेतला. ७ सप्टेंबर २०२५ रोजी ज्याला संतपद मिळाले तो कार्लो अकुतीस तर संगणकात रमणारा मुलगा होता. आणि त्याने आपले ते कौशल्य पवित्र साक्रामेंताच्या चमत्कारांची माहिती जगापुढे मांडण्यासाठी वापरले. आम्हांला आणखी एक गोष्ट बोचते. जो स्वतः साधेपणा सोडून बसला आहे त्याने दुसऱ्याच्या गरिबीला साधेपणा म्हणून गौरवावे, हे काही बरे दिसत नाही. पडदा बंद करणे हा त्याग आहे. पण ज्याच्याकडे पडदा आहे त्यालाच तो करता येतो. नाइलाज हा सद्गुण होत नाही.

आता प्रश्न उरतो तो कोणी काय करावे याचा. शासनाने अर्ध्या आण्याचा न्याय कागदावर मान्य केला आहे. २००२ पासून दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित उत्पन्नाचा पाच टक्के भाग सार्वत्रिक सेवेसाठी वेगळा काढला जातो. त्या निधीला आता डिजिटल भारत निधी असे नाव आहे. म्हणजे आपण फोनसाठी भरतो त्या पैशातला काही भाग दूरच्या गावाच्या नावाने जमा होतो. मात्र त्यातली मोठी रक्कम वर्षानुवर्षे खर्चाविना पडून राहिली. अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना २०११ च्या ऑक्टोबरात मंजूर झाली, तिलाच पुढे भारतनेट हे नाव मिळाले. दोन वर्षांत पुरे व्हायचे काम एका तपानंतरही चालूच राहिले आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर करावा लागला. दोन लाखांहून अधिक पंचायती जोडल्या गेल्याची सरकारी नोंद आहे. पण नोंद होणे वेगळे आणि तारेत प्रकाश असणे वेगळे. वीज गेली, रस्ता रुंद करताना तंतू तुटला, दुरुस्तीला कोणी आले नाही, तर पंचायतीच्या भिंतीवरची पेटी नुसती शोभेची राहते. आणि पेटीपासून पाड्यापर्यंतचे शेवटचे अंतर कापायचे असतेच.

येथे ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीतले दुसरे तत्त्व उपयोगी पडते. जे काम लहान समूह स्वतः करू शकतो ते मोठ्याने त्याच्या हातून काढून घेऊ नये, आणि जे त्याला झेपत नाही त्यात मोठ्याने हात द्यावा, असे पोप अकरावे पायस यांनी १९३१ सालीच सांगितले होते. इंग्लंडमधील लँकशायर परगण्यात २०११ साली शेतकरी आणि गावकरी एकत्र आले, त्यांनी लोकहिताची संस्था नोंदविली, शेतांतून तार नेण्याची परवानगी विनामोबदला दिली आणि स्वयंसेवकांनी कुदळी-फावडी घेऊन चर खणले. कंपन्यांनी सोडून दिलेल्या त्या खेड्यांत शहरालाही हेवा वाटावा असा वेग आला. इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्याच पालघर तालुक्यात, खामलोली व आसपासच्या वस्त्यांत, मुंबईच्या आय. आय. टी.च्या प्राध्यापकांनी दूरदर्शनच्या न वापरलेल्या लहरींवरून इंटरनेट पोचविण्याचा प्रयोग केला. ‘ग्राममार्ग’ या नावाने तो पंचवीस गावांपर्यंत गेला आणि त्यात पंचायतीला भागीदार करण्याचा विचार होता. २०१७ साली मोझिला या संस्थेच्या जागतिक स्पर्धेत त्याला पहिला क्रमांक मिळाला. हे आपल्या दाराशी घडले आणि आपल्यापैकी कितीजणांच्या कानांवर ते आले?

सहकार ही तर आपल्या अंगवळणी पडलेली गोष्ट आहे. सावकाराच्या पाशातून सुटण्यासाठी १९१८ साली मोन्सिन्योर मोनीस यांनी वसईत पतपेढीचे रोपटे लावले, त्याचीच आजची बँक झाली. तेव्हाच्या आपल्या वाडवडिलांकडे पैसा थोडा होता, पण एकाचा भार सर्वांनी उचलावा ही बुद्धी त्यांच्याकडे होती. त्यांची नातवंडे-पणतवंडे आज संगणकावर काम करून पोट भरतात. त्यांतील काहींनी आपले शनिवार-रविवार डोंगरातल्या एखाद्या शाळेला किंवा वसतिगृहाला दिले, तर तार नुसती पोचणार नाही, कामालाही येईल. कारण तारेच्या टोकाला हात धरून शिकविणारा माणूस नसेल तर तार मुकी राहते. धर्मग्रामाच्या सभागृहातली जोडणी संध्याकाळी दोन तास वीटभट्टीवरच्या मुलांना खुली करणे, ग्रामसभेत उभे राहून पंचायतीची पेटी चालू आहे की बंद असा साधा प्रश्न विचारणे, निवृत्त शिक्षकाने एखाद्या कष्टकऱ्याचा अर्ज शेजारी बसून भरून देणे, ही कामे लहान आहेत. त्यांना निधी लागत नाही, मंजुरीही लागत नाही.

आम्ही हे उपदेश म्हणून लिहीत नाही. आम्हीही त्या श्रीमंताच्याच घरात राहतो, आणि दारातले माणूस आम्हांलाही उशिरा दिसले. परंतु अंतर हे न देण्याचे कारण होऊ शकत नाही, एवढे आम्हांला आता उमगले आहे. पूर्वी शेजारच्या घरातला फोन वाजला की कोणीतरी अंगणात येऊन हाक मारीत असे आणि त्या हाकेवाचून आईला मुलाचा आवाज ऐकू येत नसे. आजही कोठेतरी कोणाचा तरी फोन आपल्या घरी वाजतो आहे. उठून हाक मारणे आपल्याकडे आहे.